तोंडी मोजलेला पाझर

आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर घड्याळ आहे, पण आमच्या ह्यांना त्याची कधी गरज पडली नाही. सकाळचा चहा तेच करतात. पाणी उकळलं की पत्ती टाकतात, झाकण ठेवतात आणि ओट्याला टेकून पुटपुटायला लागतात, "एक पाणी, दोन पाणी, तीन पाणी..." एकदा 'पाणी' म्हटलं की एक सेकंद. शंभरावर आले की गाळणं हातात.

हे शहराच्या धरणावर मोजणीदार. अडतीस वर्षं झाली. त्यातल्या शेवटच्या बारा वर्षांत ते कागदोपत्री निवृत्त आहेत, पण त्यांच्या जागी दुसरं कोणी आलंच नाही, आणि धरणाच्या पायथ्याचं हे दोन खोल्यांचं क्वार्टर सोडा असंही कोणी म्हटलं नाही. मग हे मोजत राहिले.

मोजतात काय, तर पाझर. मी चौथीपर्यंतच्या मुलांना शिकवण्यात उभा जन्म घालवला आहे, त्यामुळे हे समजावल्याशिवाय मला पुढे जाववणार नाही. आमचं धरण मातीचं आहे. मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपतंच. ते झिरपणं वाईट नाही, वाढत जाणं वाईट. म्हणून बांधणाऱ्यांनी पायथ्याशी दोन नळ्या ठेवल्या आहेत, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. पोटातून झिरपलेलं पाणी त्यातून बाहेर येतं. नळीखाली बादली धरायची आणि आतल्या लाल रेघेपर्यंत ती किती सेकंदांत भरते ते बघायचं. लवकर भरली तर पाझर जास्त, उशिरा भरली तर कमी. बस्, एवढंच शास्त्र. शिवाय हे काचेच्या बाटलीत थोडं पाणी धरून उजेडात बघतात. पाणी स्वच्छ असलं की म्हणतात, "ठीक आहे, आजचा दिवस झोपा." गढूळ पाणी म्हणजे धरणाची माती वाहून जातेय, तो दिवस अजून आलेला नाही.

पहिली तीन वर्षं ह्यांच्याकडे खात्याचं मनगटी घड्याळ होतं. ते एकदा बादलीत पडलं आणि बंद झालं. नवं मागायला अर्ज करायचा तर तीन सह्या लागत. पण तोपर्यंत ह्यांचं 'एक पाणी, दोन पाणी' घड्याळाशी इतकं जुळलं होतं की मी स्वतः शाळेच्या घड्याळासमोर उभं करून तपासलं होतं. साठाला साठ. मग कोण अर्ज करतंय! तेव्हापासून रोज सकाळी साडेसहाला बादली, तोंडाने मोजणी आणि वहीत दोन आकडे. उजवी नळी, डावी नळी. अडतीस वह्या आमच्या कपाटात साड्यांच्या वरच्या फळीवर आहेत, माझ्या साड्यांपेक्षा जास्त काळजीने ठेवलेल्या.

आमची लेक त्याच नळ्यांपाशी बसून आकडे शिकली आणि पुढे शहराच्या पाणीखात्यात इंजिनिअर झाली. धरण आता तिच्याच टेबलावर आहे. वर्षापूर्वी तिने सांडव्याची गंजलेली दारं दुरुस्त करायचं काम काढलं, त्यासाठी एका सल्लागार कंपनीशी करार झाला. काम चालू असताना तिने एकदा सहज बाबांच्या वह्या चाळल्या आणि ती जेवता जेवता ताडकन उठली.

"आई, अगं, सुरुवातीला उजवी नळी ऐंशी, डावी साठ. आता उजवी साठ आणि डावी तीस! दोन्हीकडे पाझर वाढलाय. डावीकडे तर दुप्पट!"

"मी दर वर्षी कळवत होतो," हे म्हणाले. "पत्रावर पोच मिळायची. उत्तर नाही."

त्यावर लेकीने चार पानांची टिपणी लिहिली. दारांचा करार वाढवावा, त्याच कंपनीकडून सगळ्या धरणाची तपासणी करून घ्यावी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भोकं पाडून आतली माती बघावी, मग दुरुस्तीचे नकाशे करावेत. पुरावा म्हणून काय, तर वडिलांच्या वह्या. टिपणीत तिने वडील असं लिहिलं नव्हतं, 'धरणावरील मोजणीदार' असं लिहिलं होतं. ह्यांनी ते वाक्य चष्मा पुसून दोनदा वाचलं. मंगळवारी पाणी समितीची बैठक होती. ह्यांनी आधीच्या बुधवारपासूनच इस्त्रीचा सदरा खुंटीला लावून ठेवला.

शुक्रवारी सकाळी कंपनीचा माणूस आला. तरुण, हसरा, आणि डोक्यावरचं हेल्मेट घरात चहा पितानाही न काढणारा. आम्ही त्याचं नाव हेल्मेटराव ठेवलं होतं. लेकही बरोबर होती.

"काका, तुमचे आकडे बैठकीत मांडायचेत, तर एकदा माझ्यासमोर मोजून दाखवता का? नियम म्हणून हं, बाकी काही नाही."

"दाखवतो की! नियम म्हणजे नियम," हे म्हणाले आणि बादली घेऊन मुलासारखे तुरुतुरु पुढे निघाले.

धरण भरून आठवडा झाला होता. उजव्या नळीखाली बादली लागली. हे मोजायला लागले, हेल्मेटरावाने फोनवर घड्याळ चालू केलं. पाणी लाल रेघेला टेकलं.

"साठ!" हे म्हणाले.

हेल्मेटराव फोनकडे बघत राहिला. "काका, परत एकदा?"

परत साठ. मग डावी नळी, तीस. तीही परत तीस. हेल्मेटरावाने लेकीला फोन दाखवला आणि तिचं तोंड एवढंसं झालं.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"काका, उजव्या नळीला ऐंशी सेकंद लागले. डाव्या नळीला चाळीस."

"ऐंशी? ऐंशी तर पहिल्या वर्षी होते."

"तेच ना. म्हणजे उजवीकडे कदाचित काहीच वाढलेलं नाही. तुमचं मोजणं सावकाश झालंय. घड्याळाचे चार सेकंद होतात तेव्हा तुमचे तीन होतात." तो बिचारा फार अवघडून बोलत होता. "आणि हे सावकाश कधीपासून झालं, किती झालं, ते आपल्याला माहीत नाही. मग वहीतल्या कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा? मॅडम, मला वाटतं टिपणी मागे घ्यावी. आजपासून घड्याळ लावून वर्षभर मोजू, मग ठरवू."

"आणि ह्या वह्या?" हे म्हणाले.

त्याने डोक्यावरचं हेल्मेट काढलं.

शनिवारी सकाळी हे साडेसहाला बादली घेऊन गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. वही उघडलीच नाही. अडतीस वर्षांत आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला सुट्टी नव्हती, लेकीच्या जन्माला नव्हती. ओट्याजवळही गेले नाहीत.

"चहा?" मी विचारलं.

"तूच कर. मला काही मोजायला सांगू नकोस."

मी आधण ठेवलं, पत्ती टाकली आणि भिंतीवरच्या घड्याळात बघून बरोबर शंभर सेकंदांनी चहा गाळला. कपात बघते तर काय, फिक्कट. पत्ती तेवढीच, दूध तेवढंच. आम्ही दोघं त्या चहाकडे बघत बसलो.

"हा असा का झालाय?" हे म्हणाले.

"हा असाच असायचा," मी म्हटलं. "लग्नानंतर आपण असाच प्यायचो. मग दर वर्षी थोडा थोडा कडक होत गेला. मला वाटायचं, पत्तीवाला बदलला."

"म्हणजे चहासुद्धा?" त्यांनी कपाळाला हात लावला. "मी चुकलो का गं इतकी वर्षं?"

त्या प्रश्नाला पटकन 'नाही' म्हणता आलं असतं. पण मुलाचं उत्तर चुकलेलं असताना बरोबर म्हणणं हे मी कधी केलं नाही, आणि चुकलेल्या उत्तराच्या वहीवर पूर्ण काट मारणं हेही कधी केलं नाही. आधी बघायचं, कुठपर्यंत बरोबर आलं होतं.

आणि मला माझा वितींचा तास आठवला. पहिलीतल्या मुलांना मी वर्गातला बाक वितीने मोजायला लावायची. कोणाच्या नऊ विती, कोणाच्या दहा. मग टेबल मोजायचं. ज्याच्या बाकाच्या नऊ विती, त्याच्या टेबलाच्या अठरा. ज्याच्या दहा, त्याच्या वीस. वीत कोणाचीही घ्या, टेबल बाकाच्या दुप्पटच! तीच मुलं चौथीत आली की पुन्हा तोच बाक. आता सात विती. "बाई, बाक लहान झाला!" कोणीतरी हमखास ओरडायचं. "मग टेबल मोज," मी म्हणायची. टेबलाच्या चौदा. दोन्ही सारखे घटले, म्हणजे बदलला तो हात. पण टेबलाच्या चौदा असताना बाकाच्या फक्त पाच आल्या असत्या, तर? तर बाकाला कोणीतरी करवत लावली!

"अहो," मी म्हटलं, "उजवी आणि डावी, दोन्ही नळ्या तुम्ही रोज एकापाठोपाठच मोजता ना?"

"मग? दहा मिनिटांच्या आत."

"त्याच तोंडाने?"

"दुसरं कुठून आणू?"

"मग उठा. वह्या काढा."

जमिनीवर सतरंजी घालून आम्ही अडतीस वह्या मांडल्या. दर वर्षी धरण भरल्यानंतरचा पहिला आठवडा घ्यायचा, म्हणजे तलावात पाणी सारखंच. हे वाचणार, मी लिहिणार. पहिलं वर्ष, उजवी ऐंशी, डावी साठ. चारास तीन. विसावं वर्ष, उजवी बहात्तर, डावी चौपन्न.

"कमी झालं," हे खालच्या आवाजात म्हणाले.

"प्रमाण सांगा."

त्यांनी बोटांवर हिशेब केला. मान वर केली. "चारास तीन!"

"मोजणारा सावकाश झाला. धरण तिथंच आहे. पुढे."

एकोणतिसावं वर्ष, अडुसष्ट आणि एक्कावन्न. चारास तीन. आता ह्यांचा आवाज चढला होता. तिसाव्या वर्षी डावा आकडा किंचित जास्त उतरला. एकतिसाव्याला आणखी. चौतिसाव्याला उजवी चौसष्ट आणि डावी चाळीस. आणि आता साठ आणि तीस. चारास दोन.

मी पेन्सिल खाली ठेवली. "नऊ वर्षांपूर्वीपर्यंत दोन्ही नळ्या हातात हात घालून चालत होत्या. नंतर डावी एकटीच पुढे पळाली. तुमच्या तोंडाचा ह्यात काही संबंध नाही. बाकाला करवत लागलीय. नऊ वर्षांपूर्वी डावीकडे काय झालं?"

ह्यांनी एकोणतिसाव्या वर्षाची वही पुन्हा चाळली. मग म्हणाले, "झाड."

मलाही एकदम आठवलं. धरणाच्या डाव्या खांद्यावर एक जुनं मोठं झाड होतं. लेक लहान असताना आम्ही संध्याकाळी तिथंच बसायचो. धरणावर झाड नसावं असा नियम आहे म्हणून ह्यांनीच पत्र लिहून ते कापायला लावलं होतं आणि कापलं त्या दिवशी जेवले नव्हते.

"बुंधा कापला, पण मुळं तशीच ठेवली," हे म्हणाले. "मुळं कुजली असणार. कुजलेल्या मुळाची जागा म्हणजे मातीत पोकळ नळीच की! पाण्याला आयती वाट." आणि मग एकदम उठले. "बादली कुठाय? आजची मोजणी राहिलीय!"

लेक रविवारी आली. आम्ही काढलेला तक्ता तिने तीनदा तपासला, एकही भागाकार आम्ही केला आहे म्हणून सोडला नाही. मग बाबांच्या खांद्यावर हनुवटी टेकवून नुसतीच उभी राहिली.

"बाबा, आकडे खोटे नव्हते. मी चुकीचे वाचले. दोन आकडे शेजारी होते आणि मी ते खाली खाली वाचत गेले, आडवे वाचलेच नाहीत."

"तुझ्या आईने तुला आडवं वाचायला शिकवलं नाही का?" हे म्हणाले.

"हो, आता माझ्यावर ढकला!" मी म्हटलं.

"पण आई, चार पानांतली दोन पानं चुकली हे मला समितीसमोर उभं राहून सांगावं लागेल."

"सांगशील. वर्गात फळ्यावर चुकलं की मी काय करायची?"

"पुसायचीस."

"आणि?"

"मुलांसमोरच पुसायचीस." ती हसली. "बरं. कळलं."

मंगळवारी आम्ही दोघं समितीच्या सभागृहात मागच्या खुर्च्यांवर बसलो. ह्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. लेकीने उभं राहून सरळच सांगितलं, की आधीच्या टिपणीत सगळ्या धरणाची तपासणी मागितली होती, ती चूक होती. उजवी बाजू ठीक आहे. करार वाढवायचा तो फक्त डाव्या खांद्यापुरता. तिथं भोकं पाडून बघायचं, कुजलेली मुळं काढून माती पुन्हा दाबून भरायची कशी त्याचे नकाशे करायचे. आधीच्या मागणीच्या चौथाईसुद्धा काम नाही, पण वर्षभर थांबण्यासारखं नाही.

एक मिशीवाले सभासद पुढे झुकले. "मॅडम, म्हणजे आम्ही एका आजोबांच्या तोंडाच्या घड्याळावर करार वाढवायचा? आणि तेही मागे पडणाऱ्या?"

दोघंतिघं हसले. ह्यांची मांडीवरची बोटं आवळली.

हेल्मेटराव उठला, आज बोडका. "साहेब, मीच शुक्रवारी म्हणालो होतो की वह्या बाजूला ठेवा. पण प्रमाण बघा. सावकाश मोजलं तर दोन्ही नळ्या सावकाश मोजल्या जातात."

"एका दिवशी सावकाश आणि दुसऱ्या दिवशी घाईत मोजलं असेल तर? उजवीला चहा पिऊन आणि डावीला न पिता?" मिशीवाले म्हणाले.

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून मागे पाहिलं. "मोजणीदार आलेत का? आजोबा, इथं मोजून दाखवाल?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वर्गात बघायची तशी फक्त मान हलवली. हे उठले, सदरा खाली ओढला, डोळे मिटले आणि सुरू झाले. "एक पाणी, दोन पाणी..." अध्यक्षबाई स्वतः मनगटावर बघत होत्या. हे साठला थांबले.

"ऐंशी सेकंद," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पुन्हा."

पुन्हा ऐंशी. मिशीवाल्यांनी आपलं घड्याळ काढलं. "आता तीसच मोजा." चाळीस. मग त्यांनी ह्यांना मुद्दाम मध्येच विचारलं, "आजोबा, मुलं किती?" ह्यांनी मोजता मोजता एक बोट वर करून लेकीकडे दाखवलं आणि पुढे मोजत राहिले. तरीही चाळीस!

आता सगळेच हसले, पण ते हसणं वेगळं होतं. मिशीवाले म्हणाले, "सावकाश आहे, पण काय सरळ आहे हो! आमच्या खात्यांत एवढं सरळ काही चालत नाही."

वाढीव काम मंजूर झालं, फक्त डाव्या खांद्याचं. मिशीवाल्यांनी एक अट घातली, की मोजणीदाराला घड्याळ द्यावं आणि वह्या कार्यालयात न नेता मोजणीदाराकडेच राहाव्यात. "ह्यांच्याइतकं कोण जपणार?" ते म्हणाले. ह्यांनी आभाराचे दोन शब्द बोलावेत म्हणून अध्यक्षबाईंनी हात केला, तर हे उभे राहून म्हणाले, "मुळं पूर्ण काढा. मागच्या वेळी ठेवली होती." आणि खाली बसले.

पुढच्या महिन्यात डाव्या खांद्यावर भोकं पडायला लागली. तिसऱ्या भोकात काळी, कुजलेली मुळी वर आली, मनगटाएवढी जाड. हेल्मेटरावाने ती धुऊन ह्यांना आणून दिली. ती आमच्या खिडकीत आहे. मी फुलदाणी हलवून जागा केली, तक्रार केली नाही.

घड्याळही आलं, गळ्यात अडकवायचं, बटण दाबलं की सुरू होणारं. आता वहीत चार रकाने आहेत. उजवी आणि डावी, घड्याळाने. उजवी आणि डावी, तोंडाने. मी हे त्यांना सांगितलेलं नाही, त्यांनीच आखले. म्हणतात, "जुन्या वह्यांना नव्या वह्यांशी बोलता आलं पाहिजे ना."

घड्याळाचं त्यांना इतकं कौतुक की दुसऱ्याच दिवशी ते गळ्यात घालूनच ओट्यापाशी उभे राहिले. बटण दाबलं, शंभर सेकंद झाल्यावर टकन बंद केलं आणि मोठ्या अभिमानाने कप माझ्यापुढे ठेवला.

"घे. आज अगदी बरोबर."

मी एक घोट घेतला. फिक्कट. इतक्या वर्षांत माझी जीभही त्यांच्याबरोबर सावकाश चालायला शिकली होती, हे मला तेव्हा कळलं. मी कप परत ओट्यावर ठेवला आणि त्यांच्या गळ्यातलं घड्याळ काढून खुंटीला अडकवलं.

"हे धरणासाठी," मी म्हटलं. "माझा चहा तोंडाने मोजा."

मग त्यांनी नवं आधण ठेवलं, पत्ती टाकली, झाकण ठेवलं आणि ओट्याला टेकले.

"एक पाणी," ते म्हणाले. "दोन पाणी..."

मला काही घाई नव्हती.